उंच केलेल्या अंगणाचं पाणी

आमच्या वरसे गावात अंगण उंच करायचं ठरवत असाल, तर आजचा अनुभव वाचा.

पावसाचं पाणी साचू नये म्हणून बाबांनी मे महिन्यात मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक बसवले. आज सकाळी शेजारच्या सुमनकाकू आल्या. "इंजिनेर ना गो तू? मंग सांग, तुमचं आंगण सुकं नि माज्या सयपाकखोलीत पानी कसं?"

पाणी भरलेला लेव्हल पाइप लावून अंगणाचा उतार मोजला. सगळा त्यांच्या भिंतीकडे.

ग्रामपंचायतीत विचारलं. आपलं पाणी आपल्याच हद्दीतून गटारात सोडायचं, असं सांगितलं.

बाबा म्हणाले, "जागा आपली आहे ना?"

"जागा आपली. पाणी त्यांच्या घरात."

उद्या आम्ही भिंतीकडचे ब्लॉक काढून गटारापर्यंत चर खणतोय. मे महिन्यात काम चालू असताना मी घरीच होते, पण उतार तपासला नाही. तुमच्या अंगणातलं पाणी कुठे जातं, पाहिलंय?