भिवाजी ऐनकराच्या जीपचे पाटे

आमच्या फाट्यावर एसटीच्या थांब्याला पत्र्याची शेड झाली आणि तिला गेल्या साली वारलेल्या भिवाजी ऐनकराचं नाव द्यायचं ठरलं. फलकाचा मजकूर पंचायतीतल्या पोरांनी मला दाखवायला आणला, कारण फाट्यावरचं चहाचं दुकान माझं आणि गावात भिवाजीच्या नि माझ्या घराची भिंत एकच. मजकुरात होतं, ‘उदार अंतःकरणाचे, वाटसरूंचे आधार’. मी चहा गाळायचा थांबलो. उदार? भिवाजी? अहो, त्या माणसाने मांजराला दूध घातलं तर आधी ते नासलंय याची खात्री करून. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, कबूल. पण म्हणून खोटं बोलावं असं कुणी सांगितलं?

भिवाजीने मिलिटरीच्या लिलावातून जीप आणली तेव्हा गावात दुसरी गाडी नव्हती. गावापासून फाट्यापर्यंत दीड कोस दगडांची वाट, मध्ये ओढा. तिथून पुढे कर्जतचा रस्ता. बाजाराच्या दिवशी आम्ही डोक्यावर ओझं घेऊन चालायचो आणि भिवाजी रिकामी जीप घेऊन बाजूने जायचा. सुरुवातीला लोक हात करायचे. तो गाडी हळू करून शांतपणे सांगायचा, “कमान बसंल.”

कमान म्हणजे गाडीच्या पोटाखाली असतात ते पोलादी पाटे, एकावर एक ठेवून बांधलेले, धनुष्यासारखे वाकवलेले. गाडीचं वजन तेच झेलतात. वापरून वापरून ते सपाट होतात, गाडी खाली येते, त्याला म्हणायचं कमान बसली. आता हे व्हायला वर्षं लागतात. पण भिवाजीच्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की गाडीत बसणारा प्रत्येक माणूस उतरताना थोडी कमान खाऊन जातो. आमच्या आळीतल्या चांगोचा पाय सुजला होता, गुडघ्यापर्यंत भोपळा झाला होता, त्यालाही हेच उत्तर. ठाकूरवाडीची गोदा सुईण, साऱ्या गावाची बाळंतपणं केलेली बाई, भर पावसात चिखल तुडवत चाललेली. तिलाही हेच. गोदा पुढे कधी हात करायची नाही, जीप दिसली की वाट सोडून बांधावरून चालायची.

असा हा माणूस, पण त्याचा जीव एका ठिकाणी अडकला होता. पारू, त्याची एकुलती पोर, खालापूरकडे दिलेली. तिचं पहिलं बाळ गेलं होतं. सासरहून बैलगाडीने दवाखान्यात नेताना वाटेतच गेलं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तसा भिवाजी स्वतः जाऊन तिला माहेरी घेऊन आला. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळंतपण दवाखान्यातच करायचं आणि येताना पोरीला हादरे बसता कामा नयेत. भिवाजी बाहेर आला आणि जीपकडे बघत उभा राहिला. एक पाटा मोडलेला, शॉकअपमधून तेल गळत होतं. “कमानी बदलायच्या,” तो मला म्हणाला, “पोरीच्या बाबतीत हयगय नाय करायची.” हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मला अर्धं आयुष्य लागलं.

कमानी खोपोलीला मिळायच्या. बोरघाट चढून-उतरून ट्रकांचे पाटे मोडायचे, त्यावर पायथ्याच्या दुकानदारांची चूल पेटायची. आम्ही दोघं गेलो. दुकानातल्या चाचांनी जीपचे पाटे काढून ठेवले, पातळ, लवलवते. भिवाजीने एक पाटा दोन दगडांवर आडवा ठेवला आणि त्यावर उभा राहिला. पाटा वाकला. तो खाली उतरला. “ह्ये वाकतंय.”

“शेठ, वाकण्यासाठीच असतं ते,” चाचा म्हणाले.

“माजी पोर बसायची हाय त्याच्यावर. वाकनारं नको.”

मग त्याने कोपऱ्यात पडलेले ट्रकचे जाड पाटे उचलले. दगडांवर ठेवले, उभा राहिला, दोनदा नाचलासुद्धा. पाटा ढिम्म. भिवाजीच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जावई पसंत पडल्यावरही तेवढं दिसलं नव्हतं. चाचा सांगत होते, हे कापून बसवता येतील, पण रिकाम्या गाडीला जड पडतील, गाडी उडेल. भिवाजीला वाटलं, महाग माल गळ्यात मारायला बोलतोय. नंतर चाचांनी नवे शॉकअप दाखवले. कमान उसळली की तिला आवरायचं काम यांचं, म्हणाले. भिवाजीने विचार केला आणि विचारलं, “म्हंजे कमान गाडीला उडवनार, आनि ह्यो कमानीला आवरनार? मंग मुळात न उडनारी कमान घेतली तर ह्यो कशाला लागतो?” चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. गळके शॉकअप तसेच राहिले.

ट्रकच्या पाट्यांवर जीप उभी राहिली ती कोंबड्यासारखी, मान वर करून. खोपोलीहून घरी येईपर्यंत माझ्या कमरेतले सगळे मणके एकमेकांना ओळखू लागले. दगड आला की गाडी खाली बसायचीच नाही, वर जायची, आणि वर गेली की आपल्या मर्जीने उतरायची. दुसऱ्या दिवशी त्याची बायको अंबूबाई हौसेने बसली. फाट्यापर्यंत जाऊन आली ती ओठ फोडून घेऊन.

“नवं हाय, रुळंल,” भिवाजी म्हणाला.

ते काही रुळलं नाही. मात्र खताची पोती भरून आणली त्या दिवशी गंमत झाली. तीच वाट, तोच ओढा, पण गाडी गुमान आली. पोत्यांवर बसून आलेल्या अंबूबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. “अवो, बैलगाडीचं काय वेगळं हाय? रिकामी खडखडते, भरली गप जाते. पारूला नेताना पोती भरा.” भिवाजीला हे पटलं. फुकटचा उपाय त्याला नेहमीच पटायचा. दिवाळीच्या सुमाराला पारूचे दिवस भरत होते, तोवर भात झोडून पोती तयार असणार. हिशेब चोख बसला.

पण गौरी जेवायच्या दिवशीच, भर दुपारी, पारूला कळा सुरू झाल्या. भात अजून हिरवं, शेतात उभं. कणगी तळाला गेलेली, खत कधीच चिखलात मिसळलेलं. गोदाला बोलावणं धाडलं. ती आली, हे सांगायला हवं. आली, पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, “पोर आडवं हाय. माज्या हातचं नाय. कर्जतला न्या, पन हळू न्या. धक्का लागला तर हिचंबी खरं नाय.”

भिवाजीने मागे दगड भरायला घेतले. अंबूबाईने हात धरला, “दगड उडून लेकीच्या अंगावर येतील.” तो दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने तो खाली ठेवला आणि चांगोच्या ओट्यावर गेला. सण होता, आम्ही दहाबारा जण जेवून तिथेच पान खात बसलो होतो.

“चांगोदादा, कर्जतला येतोस? गाडीत वजन पायजे. सगळी चला.”

चांगोने सुपारी तोंडात टाकली. सावकाश चावली. “नको रं बाबा,” तो म्हणाला, “कमान बसंल तुजी.”

ओट्यावर कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, इतक्या वर्षांत अशी संधी पहिल्यांदा आली होती. भिवाजी खाली अंगणात उभा, टोपी हातात. “बसूं दे,” तो म्हणाला. “बसूं दे कमान. मोडली तरी चालंल. माजी पोर हाय रं ती.” आणि तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

चांगोने पान थुंकलं. “बसलात काय तोंडं बघत?” तो आमच्यावरच खेकसला. “उठा. जाडजूड बघून पुढं व्हा.”

मग काय विचारता. धोंडूबाई, जिच्या अंगावरून गावाने जन्मभर टिंगल केली, तिला आज आरतीला बोलवावं तसं बोलावून नेलं. मागच्या चाकांच्या बरोबर वर ती बसली आणि पारूचं डोकं मांडीवर घेतलं. गोदा पारूच्या पायाशी. बाकी आम्ही जिथे मिळेल तिथे, मडगार्डवर, मागच्या फळीवर, चांगो बॉनेटवर. मी लटकलो होतो. भिवाजीने मागे वळून बघितलं. एक बोट जागा रिकामी नव्हती.

जीप निघाली ती चरून परतणाऱ्या म्हशीसारखी. दगड आला, वाकली, उतरली. ओढ्यात उतरली, चढली. पाट्यांना जन्मात पहिल्यांदा त्यांच्या लायकीचं काम मिळालं होतं. धोंडूबाई पारूच्या केसांवरून हात फिरवत होती आणि मध्येमध्ये म्हणत होती, “मी हाय ना गं, मी बसलेय ना.” कर्जतच्या दवाखान्यात एवढी माणसं उतरताना बघून कंपाउंडरला वाटलं गाडी उलटली, त्याने आत खाटा मोकळ्या करायला सांगितल्या.

पोरगी झाली. आई आणि पोर दोघी धड. भिवाजीने नातीचं तोंड बघितलं, बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, “कुनी येष्टीनं जायचं नाय. समदी गाडीतच बसा.” लोकांना वाटलं माणूस बदलला. मला माहीत होतं, रिकाम्या गाडीने त्याची स्वतःची कंबर मोडणार होती.

तेव्हापासून ते सुरू झालं. फाट्यावर जीप उभी करून भिवाजी माणसांची वाट बघायचा. भाडं विचारलं तर म्हणायचा, “वजनाचं कुनी भाडं घेतं का?” लुकड्या माणसाला मागे ठेवायचा आणि धोंडूबाई दिसली की दार स्वतः उघडायचा. गोदाने मात्र दोन बाजार वाट बघायला लावली. तिसऱ्या बाजारी चढली आणि पुढच्या सीटवर बसली, अंबूबाईच्या जागेवर. तालुकाभर नाव झालं, ऐनकर म्हणजे देवमाणूस. मी दुकानात बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, देव नाही रे बाबांनो, ट्रकचे पाटे.

हेच मी पंचायतीच्या पोरांना सांगणार होतो. पण पुढचं एक आठवलं आणि मजकूर होता तसाच त्यांच्या हातात परत दिला.

भिवाजी मरायच्या दोनेक वर्षं आधी जीपचा पाटा मोडला. अंबूबाई तोवर गेली होती, पारू तिच्या संसारात. आम्ही दोघं पुन्हा खोपोलीला गेलो. चाचा म्हातारे झाले होते, पण त्यांनी ओळखलं. त्यांनी जीपचे खास नवे पाटे काढले, नवे शॉकअप काढले. म्हणाले, “शेठ, आता तरी हे घ्या. एकटे बसून जा, हातातल्या कपातला चहा सांडणार नाही.” या वेळी भिवाजीने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं. नव्या पाट्यावर उभा राहिला. पाटा वाकला आणि अलगद वर आला. त्याला कळलं, मला दिसलं की त्याला कळलं.

तो खाली उतरला. “चांगलं हाय,” म्हणाला. “पन एकट्यानं जायाचं कुटं? जुनंच बसवा.”

“आणि शॉकअप?”

“त्याला मानसं हायत.”

पाटे बसवून आम्ही निघालो. मागची बाजू रिकामी, पहिल्याच खड्ड्यात दोघंही टपाला आपटलो. खोपोलीच्या नाक्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि मान बाहेर काढून विचारलं, “कर्जतला कोन हाय का?” कोणी नव्हतं. त्याने गाडी बंद केली, बिडी पेटवली, आणि कोणीतरी येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.