मुन्नासेठचा टर्बो

गॅरेजात किस्से सांगायला म्हणून कोणी येत नाही. इंजिन खुलून पडलेलं असतं, पार्ट यायचा असतो, अन् ट्रॅक्टरवाल्याला घरी जायचं नसतं. मग तोंड चालतं. कामठा रोडवरच्या आमच्या गॅरेजात मी हेच ऐकून राहिली आहे. नवरा इंजिन उघडतो, बाकी सगळं मी पाहते.

*

टेंभरे गुरुजी रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. रविवारी येऊन मोबाईलवर जगातली सगळ्यात मोठी कार रेस लावतात. एकदा म्हणाले, तिथं इंजिनाच्या खर्चावरून भांडणं आहेत. मोठ्या कंपन्या पैसा ओततात, लहान टीमा रडतात. म्हणून नियम केला. वर्षात ठरल्यापेक्षा जास्त इंजिनं वापरली, तर गाडी मागून सुटणार.

माझा दीर सुखदेव आपल्या जुन्या ट्रॅक्टरचं फिल्टर झटकत होता. म्हणाला, "माह्या बापानं हेच इंजिन चालवलं, मी बी हेच चालवून राहिलो. मले तं जिंकाच्या झेंड्याजवळच उभं करा लागल."

*

मी विचारलं, हे नियम करतं कोण? गुरुजी म्हणाले, वेगळी संस्था आहे, पण कंपन्यांना विचारल्याशिवाय तिचंही पान हलत नाही.

मी म्हटलं, "मंग ज्याले धावाचं हाय, त्याच्याच हातात मोजाचा टेप?"

गुरुजींनी मोबाईल खिशात घातला अन् चहा मागितला.

*

हसू नका, आमच्याकडेही तेच. धानाच्या रोवणीआधी गावात चिखलातून ट्रॅक्टर पळवतात. नियम एकच, बाहेरचा पार्ट लावायचा नाही. राईसमिलवाल्या मुन्नासेठनं इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो शहरातून आणून बसवला अन् लागोपाठ जिंकत गेला. मी बोनेट उघडून जाब विचारला.

"बाहेरचा काऊन म्हणता, भाभी? आतच तं बसवला."

यंदा सुखदेवनं नाव दिलं नाही. त्याचं पाहून बाकीच्यांनीही नाही. उरला एकटा मुन्नासेठ. वर्षात एवढा एकच दिवस, की दोन एकरवाला अन् मिलवाला एकाच धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून सुटतात. तोही गेला, तर गावात बरोबरीनं उभं राहायला जागा कुठं आहे?

*

गावाच्या बैठकीत सगळे टर्बो कसा पकडायचा यावर भांडत होते. मी उठले.

"काही पकडू नका. ज्याले जे लावाचं ते लावू द्या. पण जो जिंकल, त्याचं इंजिन, लावलं त्या सगळ्यासकट, साध्या इंजिनाच्या भावात कोणी मागलं, तं तिथंच काढून द्याचं."

सुखदेव म्हणाला, "वैनी, माहं आताच न्या."

मुन्नासेठही हसला. मंजूर म्हणाला. त्याला वाटलं, आपल्यासमोर तोंड उघडायची कोणाची हिंमत आहे!

*

रेसला सगळे ट्रॅक्टर आले. मुन्नासेठ सुटला तो सुटलाच, सुखदेव पार मागं. झेंड्याजवळ तीनचार शेतकरी खिशातल्या नोटांवर हात ठेवून उभे, अन् त्यांच्या बाजूला मी, पान्यांची पेटी घेऊन.

झेंडा अगदी समोर आला अन् मुन्नासेठचा ट्रॅक्टर थांबला. तो उतरला, गळ्यातला दुपट्टा काढला अन् हेडलाईटवरचा चिखल पुसायला लागला. मागून सुखदेव आला. का झालं सेठ, म्हणून विचारलं.

"तू चाल रे पुढं. मले समोरचं दिसूनच नाही राहिलं."

भर दुपार होती.