शाळेत आलेला दुधाचा काटा

"आवाज आला पायजे!" आमच्या शाळेचे पीटीचे सर हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचे ते देवालाच ठाऊक. म्हणताना उजवा हात कानामागे न्यायचे आणि डोळे मिटायचे. हजेरीला पोरगं पुटपुटलं, प्रतिज्ञा मिळमिळीत झाली, कबड्डीत दम ऐकू आला नाही, सगळ्यावर हेच औषध. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी फारशी ऐकली नाही. गरजच पडत नसे.

असे सर तुम्हीही पाहिले असतील. सुटलेलं पोट, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मैदानावर पाऊल पडलं की एकदम तरुण झालेली चाल. स्टाफरूममध्ये मात्र ते अवघडून बसायचे. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय असा चेहरा करून चहा प्यायचे.

आमचं गाव संगमनेरपासून थोडं आत. घरोघरी गाई. सरांच्या घरचंच दूध संकलन केंद्र होतं आणि शाळेआधी सर तिथे काट्यावर असत. दूध ठेवलं की वजन मोठ्याने पुकारायचं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. ही त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. "गुपचूप मोजलं की मानसाच्या मनात पाल चुकचुकती, मॅडम," ते मला सांगायचे, "पुकारलं की प्रश्नच न्हाई." आणि वजन चांगलं भरलं की सर वर एक "वा!" घालायचे. दूध घालणारी बाई त्या एका शब्दावर दिवसभर खूश.

मग एकदा वरून पत्र आलं. प्रत्येक शाळेने आपलं आरोग्य धोरण तयार करायचं. मुलांनी शाळेत काय खावं, किती खेळावं, सगळं लिहून काढायचं. समिती झाली. मुख्याध्यापक, पीटीचे सर, गणिताचे सर, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि मी. मी मराठी शिकवते, म्हणून लिहिण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच बैठकीत ठरलं की शाळेत वाढदिवसाला गोडधोड वाटायचं नाही. दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस निघाला आणि पाटीभर जिलेबी आली. मुख्याध्यापक म्हणाले, धोरण अजून मंजूर कुठे झालंय? आम्ही सगळ्यांनी जिलेबी खाल्ली. मावशींनी दोनदा घेतली. सरांची मागणी एकच होती. पीटीचा तास गणिताला द्यायचा नाही. "परीक्षा आली की पहिला बळी माझा," ते म्हणाले. गणिताचे सर खिडकीबाहेर बघत बसले.

धोरणात प्रत्येक मुलाची उंची आणि वजन घ्यायचं होतं. शाळेचा काटा कधीचाच बंद पडलेला. सरांनी केंद्रावरचा जुना, मोठा काटा टेम्पोत घालून आणला. तो शाळेच्या पटांगणात उतरवताना त्यांना झालेला आनंद मी पाहिलाय. इतक्या वर्षांत शाळेला पहिल्यांदा आपल्याकडची एखादी वस्तू लागली, असा तो आनंद होता.

आठवीत एक मुलगी होती. उंच, रुंद खांद्यांची, हातात बळ असलेली. सरांनी तिला गोळाफेकीला घेतलं होतं. "ही पोरगी जिल्ह्याला जानार, लिहून ठेवा," असं ते जो भेटेल त्याला सांगायचे. तिच्यासाठी घरून भाजलेले शेंगदाणे आणायचे आणि तिनेही ते हक्काने मागावेत इतकं त्या दोघांचं जमलं होतं.

वजनं सुरू झाली. अख्खी शाळा रांगेत बसलेली. सर प्रत्येकाचा आकडा पुकारत होते, जसा सकाळी दुधाचा पुकारायचे तसा. तिची पाळी आली. ती काट्यावर चढली. सरांनी आकडा पुकारला, आणि खुलून म्हणाले, "वा! आख्ख्या शाळेत एक नंबर! टाळ्या!"

टाळ्या झाल्या नाहीत. मुलांच्या रांगेतून हसू फुटलं आणि मागे मागे पसरत गेलं. सरांना वाटलं, पोरं खूश झाली. तेही हसले. तो आकडा मी इथे लिहीत नाही. तिचं नावही लिहीत नाही. एकदा पुकारलं तेवढं पुरे झालं.

पोरांनी त्या आकड्यानेच तिला हाका मारायला सुरुवात केली. मैदानावर ती यायची बंद झाली. आठवड्याभराने मावशी मला म्हणाल्या, "ती पोरगी ताट घेत न्हाई वो, मॅडम. निस्तं पानी पिऊन बसती." मी तिच्याशी बोलले. ती म्हणाली, भूक नाही. मग एका सकाळी प्रार्थनेला उभी असतानाच ती खाली कोसळली. पाणी घेऊन सगळ्यात आधी सरच धावले. शुद्धीवर आल्यावर तिने त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिची आई आली. तिचं दूध सरांच्याच केंद्रावर जायचं. भांडली नाही ती. हात जोडून म्हणाली, "सर, तुमी पोरीचं काय मोजलं वो? घरातबी घास घेत न्हाई."

"आवो, मी तर कवतिक केलं तिचं," सर म्हणाले. म्हणता म्हणता थांबले. आमच्या देखत त्यांना ते कळलं. आधी कान लाल झाले, मग मान खाली गेली. एवढा मोठा माणूस आपल्याच बुटांकडे बघत उभा राहिला. लाज मी पुष्कळ पाहिलीय, स्वतःचीही पाहिलीय, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांना सगळ्यांसमोर तिची माफी मागायची होती. मुख्याध्यापक नको म्हणाले. शिक्षक पोरांपुढे वाकला की शिस्त जाते, असं त्यांचं मत. मग सरांनी आपल्या बुद्धीने वाट काढली. सोमवारी प्रार्थनेनंतर ते स्वतः काट्यावर चढले आणि दहावीच्या एका मुलाला म्हणाले, "वाच. आवाज आला पायजे!" त्याने वाचलं. शाळा पोट धरून हसली. सर हात पसरून उभे, हसा, मला हसा, असे. आणि हसून झाल्यावर ते सगळे चेहरे एकदम तिच्याकडे वळले. तिने दप्तर उचललं आणि ती फाटकाबाहेर निघून गेली.

स्टाफरूममध्ये सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मॅडम, मला केलेली चूक नीट करताबी येत न्हाई," म्हणाले. डोळे पुसायलाही त्यांना लाज वाटत होती. त्या दिवशी ते काटा घरी घेऊन गेले. जाण्याआधी मला एक कलम सांगितलं. वजन खोलीत, एकेकाचं घ्यावं. आकडा त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांनाच सांगावा, तोही हळू. मी तसंच लिहिलं.

पुढे एकदा सर लग्नाला गेले होते. त्या दिवशी ती मैदानाच्या कडेला आली. थोडा वेळ उभी राहिली. मग गोळा उचलून तिने दोन-चारदा टाकलाही. मला कोण आनंद झाला! सर परतल्यावर मी घाईघाईने सांगितलं, आली हो, टाकला तिने!

त्यांनी विचारलं, "मी नव्हतो म्हनून?"



महिन्याभरात त्यांनी संस्थेच्या कोपरगावकडच्या शाळेत बदली मागून घेतली. निवृत्ती जवळ आलेली, घर इथे, गाई इथे. लोकांनी वेड्यात काढलं. निरोपाचा नारळही त्यांनी घेतला नाही. खेळाचं सामान माझ्या ताब्यात दिलं आणि गेले.

ती हळूहळू परतली. आधी मैदानावर, मग खिचडीच्या पंगतीत. पाहणीला आलेल्या साहेबांनी आमच्या धोरणाचं कौतुक केलं. खोलीत वजन घेण्याचं ते कलम त्यांना फार आवडलं. "आमच्या शाळेचीच कल्पना," मुख्याध्यापक म्हणाले. मी शेजारीच बसले होते. सरांचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

यंदा ती खरोखरच जिल्ह्याला गेली. नगरच्या मैदानावर मी तिच्याबरोबर होते. कोपरगावकडची मुलंही आली होती, पण त्यांच्यासोबत दुसरेच कुणी शिक्षक होते. तिने चारी बाजूंना नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, आपले जुने सर आलेत का?"

मला भरून आलं. "नाही गं," मी म्हटलं.

तिने रोखून धरलेला श्वास सोडला. जॅकेट काढून माझ्या हातात दिलं आणि ती गोळा घ्यायला गेली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. तिसरी आली, मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. जेवण नीट केलं का, तेही विचारलं. मला राहवलं नाही. त्यांना बरं वाटेल म्हणून मी म्हणाले, "सर, तिने तुमची आठवण काढली. विचारत होती, सर आलेत का."



"टाकायच्या आधी विचारलं का नंतर?"

"आधी," मी म्हणाले.

"मग बरं झालं, न्हाई आलो," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.