चिठ्ठी बांधलेला तीरकामठा

"कोट काढ. धोतरही सोड. लंगोटीवर उभा राहा."

देवपूरच्या मैदानावर, शेकडो लोकांदेखत, कचेरीचे साहेब मला हे म्हणाले. सव्वीस जानेवारी होती. त्या वर्षी प्रजासत्ताक दिनी आदिवासींचा सन्मान करावा, अशी थोर कल्पना वरच्या कोणाला तरी सुचली होती. सन्मान म्हणजे नाच. बारा भिल्ल हवे होते. अकराच आले होते.

मी सहावी शिकलेला अर्जनवीस. धुळ्यात कचेरीच्या आवारात पंधरा वर्षे बसत होतो. माझा मसुदा वाचून वकील मान डोलवीत. काळा कोट मी शिवला तो एवढ्याचसाठी, की कोणी जात विचारू नये. मी भिल्ल आहे हे साहेबांना कोणीतरी सांगितलेच, आणि बारावा मी ठरलो.

ते अकराजण माझ्याच गावचे, माझेच अर्जदार. शिकारीच्या आरोपावरून गावाचे बारा तीरकामठे जप्त झाले होते. या अकराजणांचे परत मिळावेत म्हणून मी तीन अर्ज लिहिले. उत्तर एकाचेही नाही. आज मात्र तेच तीरकामठे सरकारी कोठीतून निघाले होते. प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी, सुतळीने बांधलेली. नाचापुरते हाती द्यायचे, नाच संपला की मोजून परत घ्यायचे.

मी विचारले, "साहेब, हत्यार म्हणून जप्त केलेत ना?"

"अरे, आज ती संस्कृती आहे!"

खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. खादीतले, रेशमातले, सगळे.

बारावा तीरकामठा माझ्या हाती आला. चिठ्ठीवर माझ्या बापाचे नाव होते. बाप जाऊन वर्ष झाले होते. माझ्यासाठीही अर्ज लिहिशील का, असे त्याने मला दोनदा विचारले होते, दोनदा मी म्हणालो होतो, बघू. अकराजणांसाठी लिहिले, बापासाठी एक ओळ नाही. त्याच्या नावापुढे माझे नाव लागले असते. कोटाआडची जात उघडी पडली असती.

अकरांतले वडीलधारे खंडू आबा माझ्या हातातल्या तीरकामठ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "भाऊ, तुना बाप मरापावत हाऊच मांगे. आते तू नाचस का लिखस?"

मी कोट काढला नाही. सुतळी दातांनी तोडली, चिठ्ठी खिशात घातली.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"वारसाने वस्तू ताब्यात घेतली," मी म्हणालो. "नोंद करून घ्या."

मागे अकरा सुतळ्या तुटल्या. बँड वाजत राहिला आणि आम्ही बाराजण मैदानातून चालत बाहेर पडलो.

खटला झाला, पण तीरकामठे आमच्याकडेच राहिले. आवारातली जागा गेली. साहेबांनी निरोप धाडला: माफीचा अर्ज लिही, जागा परत देतो. उभ्या आयुष्यात मी न लिहिलेले अर्ज दोनच: बापाचा आणि हा.

आता रस्त्याच्या कडेला बसतो. अर्जनवीस म्हणून सही करतो तेव्हा बापाचे नाव आणि जात पूर्ण लिहितो. तीरकामठा घरात खुंटीला आहे. नाचासाठी तो खाली निघणार नाही. जप्तीला कोणी आला, तर निघेल.