कंपनीचा वास

मोरिवलीत कुणी खोकलं की दोष ठरलेला: कंपनीचा वास. शेजारच्या कारखान्यांतून तो येतोही, खोटं कशाला बोला! पण या गावाने त्याच्या नावावर इतकी दुखणी खपवलीत की त्या बिचाऱ्या वासालाही लाज वाटावी.

या खोडीशी घरोघरी फिरून आरोग्याचं बघणारी गावची आशाताई शालन कित्येक वर्षं भांडते आहे. भांडते म्हणजे काय, हसत दारात बसते आणि उठत नाही.

भगवानमामांच्या उंबऱ्यावर ती अशीच ठाण मांडून बसली होती. मामा म्हणजे निवृत्त फिटर. महिनाभर खोकला, आणि सदरा अंगावर नुसता लोंबत होता. शालनला क्षयाची शंका होती, आणि घरात तर रांगतं नातवंड. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"मामा, थुंकी तपासून घेऊ. सरकारी दवाखान्यात फुकट होतं."

"काय नाय गं, कंपनीचा वास हाय. उद्या बघू."

मामांचा उद्या काही उजाडेना. शेवटी त्यांची बायको गोदूबाई चहा देताना सहज बोलून गेली, "जुन्नरला भाचीच्या लग्नात पन रातभर खोकत व्हते. पाव्हण्यांना झोप नाय."

शालनने कप खाली ठेवला. "मामा, जुन्नरला कंपनी कोणी नेली?"

मामा आधी चिडले, मग हसले, हसता हसता खोकले आणि चप्पल शोधू लागले.

क्षयच निघाला. नातवंडाला तपासून खबरदारीचं औषध सुरू झालं. थोडं बरं वाटताच मामांनी गोळ्या सोडायचा घाट घातला, तर ही बाई रोज सकाळी समोर हजर: "गिळा. आता जीभ दाखवा." अशा बायकांच्या जिवावर गाव उभं असतं आणि गावाला पत्ताही नसतो. जीभ दाखवता दाखवता मामा खडखडीत बरे झाले.

यंदा दिवाळीनंतर मात्र शालनलाच खोकल्याने धरलं. तिला सगळं कळत होतं. तरी नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "वास किती येतोय बघा ना!" आतून ती पार घाबरली होती. आपल्यालाच क्षय निघाला, तर उद्या कोण दारात उभं करील?

एका सकाळी भगवानमामा आले. "चल, दवाखान्यात."

"मामा, आज लसीकरण आहे. उद्या जाऊ."

"माझा उद्या तू कधी ऐकलास का?"

मामांनी शालनच्या उंबऱ्यावर बसकण मारली, अगदी तिच्यासारखी, आणि पाय पसरले.

"बसलोय मी. तू उठल्याबिगर उठत नाय."

शालनचे डोळे भरून आले. पदराने ते पुसून ती चप्पल शोधू लागली.