बालाफोनची घरघर

चौथी केबल बदलली तरी घरघर जाईना.

अकोल्यात जागतिक संगीताचा महोत्सव होता. कार्यक्रमाला अर्धा तास उरलेला आणि स्टेजवर पश्चिम आफ्रिकेतलं बालाफोन मांडलेलं. वर लाकडी पट्ट्या, खाली लहानमोठे भोपळे बांधलेले, काठ्यांनी वाजवायचं. हे वाद्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण अमरावतीत वीस वर्षं लग्नापासून कीर्तनापर्यंत साउंड केलंय, त्यामुळे तोरा होताच. घरघर आली की आधी अर्थिंग बघायचं, मग केबल, मग माइक. मी सगळं बघून चुकलो होतो.

"काहून रे विलास, भोपळ्यात भुंगे शिरले का?" आमचे मालक बंडूभाऊ चिवडा खात म्हणाले.

"पाहून राहिलो, भाऊ."

"पाहू नको, काढ. हा शो बिघडला त पुढच्या वर्षी नागपूरची पार्टी येते. मंग आपण बारशाचे माइक लावत फिरू."

मी माइकच बंद केला आणि एक पट्टी वाजवून पाहिली. तरी घरघर. म्हणजे खोट वाद्यातच होती. वाकून बघतो तर प्रत्येक भोपळ्याला एक भोक, त्यावर पातळ पापुद्रा. माझी सासुरवाडी वलगावची, माळ्यांची. त्यामुळे भोपळ्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज. म्हटलं, माल किडका आहे. वादक आजोबा चहाला गेले होते. मी काळी टेप काढली आणि एकूण एक भोक बुजवलं.

आवाज एकदम साफ. मी स्वतःवर खूश.

आजोबा आले, एक काठी मारली आणि थांबले. पुन्हा मारली. मग खाली वाकले आणि टेपवर बोट ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. दुभाषी बाई पुण्याच्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या पापुद्र्यांमुळेच ती घरघर येते. ती मुद्दाम ठेवलेली असते. त्याशिवाय बालाफोन मुकं, असं म्हणतायत ते. कुणी केलं हे?"

"लेका, तंबोऱ्याची जवारी काढतं का कोनी?" बंडूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले.

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आणलेला झंकार. ती मी रोज ऐकतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात टेप काढताना सात पापुद्रे फाटले.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी बंडूभाऊंच्या हातातली चिवड्याची प्लॅस्टिकची पन्नी मागितली, तिचे तुकडे कापले आणि झोळीतल्या मेणानं भोकांवर चिकटवले. मी खाली बसून भोपळे धरले. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

पण काय वाजवलं त्यांनी! लाकूड बोलायचं आणि मागून कुणी गुणगुणल्यासारखं वाटायचं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आयोजक धावत आले. "विलासभाऊ, घरघर येऊन राहिली ना. काढा लवकर."

"नाई काढत," मी म्हणालो. "तिच्यासाठीच थे इतक्या दुरून आले."

पुढच्या वर्षीचं काम आम्हालाच मिळालं. आता मी कशाला हात लावायच्या आधी वाजवणाऱ्याला विचारतो. पाच मिनिटं जातात.