जून पानाचा खोटा उजेड

"पानं तोडायचं काम तुमच्या लोकांचं. पानाच्या आत काय आहे, ते आम्ही बघू."

माहे गाईड, सर, असं बोलले. भर प्रयोगशाळेत, सात जणांसमोर. कोणी हसलं नाई. सगळे आपापल्या कामात गुंतले, अन् तेच मले जास्त लागलं.

मी कुरखेड्याकडची, गोंडाची पोरगी. चंद्रपुरात पीएचडी करून राह्यली. विषय मिरचीवरच्या मोझॅक रोगाचा, पान चितकबरं करणाऱ्या. पानाच्या पेशीत त्या विषाणूचं प्रोटीन नेमकं कुठी बसते, त्याचा आरएनए कुठी बसते, हे पाहाचं. प्रोटीनले धरणारा हिरवा रंग टाकाचा, आरएनएले धरणारा लाल. मंग मायक्रोस्कोपखाली जिथी चमकते तिथी तो.

सरांनी सांगतलं, सगळ्यात पिवळं पान आण, रोग त्यातच जास्त. आणलं, रंग टाकला. पेशीच्या पेशी हिरव्यागार चमकल्या. सर खूश! "विषाणू सगळीकडे पसरलाय," म्हणाले अन् लेख लिहायले बसले.

मले काही पटेना. लहानपणी मी मायसंगं तेंदूपत्ता तोडाले जायची. माय म्हणे, "जून पान नोको घेऊ व, ते आतून मेलं रायते." म्हणून मी बिनारोगाच्या झाडाचं एक जून, पिवळं पान आणलं. कोणताच रंग न टाकता मायक्रोस्कोपखाली ठेवलं. तेबी हिरवं चमकलं! म्हणजे तो उजेड विषाणूचा नव्हताच. मरत्या पानाचा सोताचाच होता.

हेच सरांले सांगाले गेली, अन् पानं तोडायचं ते वाक्य आयकून आली.

अंगाचा तिळपापड झाला. संडासात जाऊन रडली. सरांचा राग होताच, पण सोताचा त्याहून जास्त आला. दोन वर्षं निस्तं हो सर, हो सर. काऊन केलं मी असं?

मंग शेंड्याजवळचं पान घेतलं, नुकतंच चितकबरं होऊन राह्यलेलं. पेशीच्या भिंतीत बारीक वाटा असतात, एका पेशीतून दुसरीत जायच्या. हिरवा अन् लाल, दोन्ही ठिपके त्या वाटांच्याच तोंडाशी जमले होते. बाकी पेशी अंधुक. बिनारोगाच्या पानात एकबी ठिपका नाई. पाच बार पाह्यलं. पाचवेळा तेच.

फोटो सरांले दाखवला. ते घेऊन गेले. आठवड्यानं विज्ञान परिषदेत लावाचं पोस्टर छापून आलं. फोटो माहा. नाव सरांचं, अन् त्यांच्या मित्राच्या पोरीचं. तिनं ते मिरचीचं झाडबी पाह्यलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात माहे आभार, पानं गोळा करण्यात मदत केल्याबद्दल.

"काऊन सर?" मी विचारलं.

"पीएचडी पाहिजे ना? मग गप्प बस. मूळ फायली मला दे, अन् दिल्या म्हणून इथं सही कर."

मायले फोन केला. माय म्हणे, "करून टाक बाई सही. डिगरी घे अन् घरी ये." तिचं काय चुकलं? जनमभर मान खाली घालूनच तिनं आमाले जगवलं. पण ज्याचं जळते त्यालेच कळते. मी सही केली नाई.

अर्ज लिहला. वही, मूळ फोटो, जून पानाचाबी फोटो, सगळं विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "बघू." अजून बघूनच राह्यले. सरांनी माह्याकडून मायक्रोस्कोपच्या खोलीची चावी काढून घेतली. डिगरी लटकली. लटकू द्या.

परिषद सोमवारी आहे. मले बोलावलं नाई. तरी जाणार. त्या पोस्टरपुढं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगणार, हे काम माहं आहे. हात धरून बाहेर काढलं, तर दारात उभी राहून सांगीन.